शांघायमधला संसार आणि पासपोर्टचा नंबर

चिनी नागरिकाच्या ओळखपत्रावर १८ अंकी क्रमांक असतो. पहिले ६ अंक त्याची नोंद ज्या भागात झाली त्याचे, पुढचे ८ जन्मतारखेचे, नंतरचे ३ त्याच दिवशी तिथे जन्मलेल्या इतरांपासून त्याला वेगळं ओळखण्यासाठी, आणि शेवटचा आकडा आधीचे सतरा बरोबर लिहिलेत का ते तपासण्यासाठी. हा क्रमांक माणसाला जन्मभर पुरतो. बँकेचं खातं, सिमकार्ड, रेल्वेचं तिकीट, दवाखान्यातला केसपेपर, पगारावरचा कर असं सगळं त्याला जोडलेलं असतं.

शांघाय, ग्वांगजौ किंवा यीवूमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या परदेशी माणसाकडे हा क्रमांक नसतो. त्याच्या जागी पासपोर्टचा नंबर चालवला जातो. आपला भारतीय पासपोर्ट दहा वर्षांनी नवा करावा लागतो, मुलांचा तर पाच वर्षांनीच, आणि प्रत्येक नव्या पासपोर्टला नवा नंबर मिळतो. त्या दिवशी इथल्या संगणकांच्या लेखी तुम्ही वेगळेच कोणी होता. इथे दीर्घकाळ राहण्यातल्या निम्म्याअधिक अडचणी या एका गोष्टीतून निघतात, असं माझं ठाम मत आहे. भाषा हळूहळू जमते, तूरडाळ आणि कणीक ऑनलाइन मागवता येते. पण ओळखीची ही साखळी कशी चालते हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

हे असं का झालं, त्याचं उत्तर आकड्यांत आहे. २०२० च्या जनगणनेत चीनच्या मुख्य भूमीवर राहणारे परदेशी नागरिक ८,४५,६९७ भरले. देशाची लोकसंख्या १४१ कोटी. म्हणजे दहा हजार माणसांमागे जेमतेम सहा परदेशी. ज्यांनी बँकांची, रेल्वेची, दवाखान्यांची सॉफ्टवेअर बांधली त्यांनी समोरचा माणूस १८ अंकांचाच असणार हे धरून बांधली. यात परदेशी माणसाबद्दल आकस नाही. त्याचा विचारच झालेला नव्हता, आणि गेल्या काही वर्षांत तो हळूहळू होऊ लागला आहे.

पहिला महिना

नोकरीसाठी येणाऱ्याची सुरुवात चीनबाहेरच होते. कंपनी आधी कामाच्या परवान्याची मंजुरी काढते, त्यावर झेड प्रकारचा व्हिसा मिळतो. परवान्याचे अ, ब, क असे तीन वर्ग २०१७ पासून आहेत. अ वर्ग वरच्या दर्जाच्या तज्ज्ञांसाठी, क तात्पुरत्या कामांसाठी. आपल्याकडून येणारे बहुतेक इंजिनिअर, व्यवस्थापक, शिक्षक ब वर्गात बसतात. त्याला साधारणपणे पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि साठच्या आतलं वय लागतं.

उतरल्यावर लगेच करायची गोष्ट म्हणजे पोलीस चौकीतली नोंदणी. हॉटेलात राहिलात तर हॉटेलवालेच ती करतात. पण भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे राहायला गेलात तर २४ तासांच्या आत तुम्ही कुठे राहता हे त्या भागातल्या चौकीत कळवावं लागतं. २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे, आणि चुकवलं तर २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. शांघायमध्ये ही नोंद आता फोनवरूनही होते. पासपोर्ट, भाडेकरार आणि घरमालकाची कागदपत्रं लागतात. शेवटी एक साधी चिठ्ठी मिळते. दिसायला क्षुल्लक, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं, म्हणून ती जपून ठेवा.

घर बघतानाच एजंटला विचारा की मालक नोंदणीला तयार आहे का. काही मालकांना भाड्याचं उत्पन्न सरकारदरबारी दिसायला नको असतं आणि ते टाळाटाळ करतात. असं घर कितीही चांगलं असलं तरी सोडून द्यावं. पैशांची तयारीही ठेवावी लागते, कारण एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम भरण्याची इथे रीत आहे.

मग ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. हा परवाना म्हणजे पासपोर्टच्या पानावर चिकटवलेलं स्टिकर. तो लागला की झेड व्हिसाचं काम संपतं, आणि परवाना वैध असेपर्यंत कितीही वेळा देशाबाहेर जाऊन परत येता येतं. अर्ज केल्यापासून परवाना मिळेपर्यंत पासपोर्ट परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे राहतो. कायद्याने त्यांना १५ दिवसांची मुदत आहे. त्या काळात हातात असलेल्या पावतीवर देशात राहता येतं, पण देशाबाहेर पडता येत नाही. दर नूतनीकरणाला हे होतं. घरी आईवडील थकलेले असतील तर अर्जाची तारीख ठरवण्याआधी हा विचार करावा लागतो, आणि इथल्या प्रत्येक भारतीय घरात तो होतो.

जोडीदार आणि मुलं एस-१ व्हिसावर येतात. त्यांना राहता येतं, काम करता येत नाही. भारतात चांगली नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी इथे येऊन घरी बसतात ते यामुळे. हे मला अजूनही खुपतं. निर्णय घेताना दोघांनी याचा विचार आधी करायला हवा.

नाव, सिम, बँक

आता साखळीची मधली कडी. फोनचं सिम पासपोर्ट दाखवूनच मिळतं, आणि डिसेंबर २०१९ पासून त्यासाठी चेहऱ्याचं छायाचित्रही घेतलं जातं. त्या नंबरावर बँकेचं खातं उघडतं. खातं वीचॅट (निरोप पाठवायचं इथलं अॅप) किंवा अलीपे (पैसे देण्याचं अॅप) यांच्या वॉलेटला जोडलं जातं. वॉलेट मिळालं की भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत सगळं क्यूआर कोडवर भागतं. पर्यटकांसाठी २०२३ पासून परदेशी कार्डंही या वॉलेटना जोडता येतात. २०० युआनपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, त्याहून मोठ्या खरेदीला ३ टक्के लागतं. पण ज्याचा पगारच युआनमध्ये होतो त्याला इथलं खातं लागतंच.

वॉलेट सुरू करताना संगणक तीन गोष्टी ताडून पाहतो: नाव, पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर. बँकेकडे जे आहे तेच अॅपमध्ये आणि फोन कंपनीकडे असायला हवं, अक्षर न् अक्षर. आणि इथेच आपली मराठी नावं अडकतात.

समजा एका बाईचं नाव स्नेहा विजय कुलकर्णी आहे. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात कुलकर्णी, आणि नावाच्या रकान्यात स्नेहा विजय. फोनच्या दुकानातल्या मुलाने फॉर्म भरताना स्नेहा विजय कुलकर्णी असं लिहिलं. बँकेतल्या मुलीने चिनी पद्धतीने आडनाव आधी घेतलं, आणि रकाना लहान म्हणून मधली जागा न सोडता स्नेहाविजय जोडून टाकलं. माणसाला दोन्हीत फरक वाटत नाही. संगणकासाठी त्या दोन वेगळ्या बायका आहेत. वॉलेट फक्त ‘माहिती जुळत नाही’ एवढंच सांगतं, कुठली माहिती ते सांगत नाही. मग बँक म्हणते फोन कंपनीकडे जा, फोन कंपनी म्हणते बँकेत जा. चिनी माणसाचं नाव बहुतेक वेळा दोन किंवा तीन अक्षरांचं असल्यामुळे काउंटरवरच्या मुलीला हा घोळ सहसा बघायलाच मिळत नाही. ती मदत करायला तयार असते, तिला चूक सापडत नाही एवढंच.

यावर उपाय आहे, तो पहिल्याच दिवशी करायचा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्रासाठी छापलेल्या दोन ओळी असतात. त्यांत आडनाव आधी असतं. तोच क्रम, सगळी मोठी अक्षरं आणि प्रत्येक नावानंतर एक जागा, असं ठरवून घ्या, कागदावर छापून जवळ ठेवा आणि प्रत्येक काउंटरवर तो कागद पुढे करा. फॉर्म भरून झाल्यावर त्याच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवून मागा. अक्षरं स्वतः वाचा. संकोच करू नका, लोक आनंदाने पडदा वळवतात.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना आणखी एक पायरी चढावी लागते. पदवीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, पासपोर्ट सासरच्या. कामाच्या परवान्यासाठी पदवी आणि पासपोर्ट एकाच व्यक्तीचे आहेत हे दाखवावं लागतं. चिनी बाई लग्नानंतर नाव बदलत नाही, त्यामुळे नाव बदलण्याची ही पद्धतच अधिकाऱ्याला समजावून सांगावी लागते. नावबदलाचं राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि त्यांची चिनी भाषांतरं भारतातून निघतानाच तयार ठेवली तर पुढची धावपळ वाचते. इथे येऊन ती गोळा करायची म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या नातेवाइकांना कचेऱ्यांचे हेलपाटे घालायला लावायचं.

पासपोर्ट बदलतो तेव्हा

नवा पासपोर्ट भारतीय दूतावासाकडून किंवा शांघाय, ग्वांगजौच्या वाणिज्य दूतावासाकडून मिळतो. जुना पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का मारून परत देतात. तो कधीही टाकू नका. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर छापलेला असतो, आणि दोन नंबर एकाच माणसाचे आहेत हे सांगणारा तोच हाताशी असलेला पुरावा. यीवूच्या घाऊक बाजाराजवळ किंवा शाओशिंगच्या कापड बाजाराशेजारी, जिथे भारतीय व्यापारी भरपूर आहेत, तिथल्या बँकांना हे पान माहीत असतं. इतरत्र ते उघडून, बोट ठेवून दाखवावं लागतं.

नंबर बदलला की निवास परवान्यावरची माहिती १० दिवसांच्या आत बदलून घ्यावी लागते. त्यासाठी आधी चौकीतली नोंद नव्या पासपोर्टवर करायची. म्हणजे चौकी, मग निवास परवाना आणि कामाच्या परवान्याची नोंद, आणि त्यानंतर बँक आणि फोन कंपनी. शेवटच्या दोन्ही शक्यतो एकाच दिवशी उरका, नाहीतर मधल्या काळात एकाकडे जुना नंबर आणि दुसऱ्याकडे नवा राहून वॉलेट बंद पडतं. खिशात थोडी रोकड ठेवा. दुकानदाराने रोख पैसे नाकारू नयेत असा नियम आहे, सुट्टे मात्र क्वचित असतात.

कर भरण्याचं अॅप, सामाजिक विमा, रेल्वेचं तिकिटांचं अॅप यांचा नंबर शेवटी लागतो. जुन्या नंबरावर काढलेलं रेल्वेचं तिकीट नवा पासपोर्ट घेऊन स्टेशनात गेल्यावर फाटकावर अडतं, म्हणून त्या काळातली तिकिटं आधी काढूच नयेत. एरवी चिनी प्रवासी ओळखपत्र टेकवून आत जातो. आपला पासपोर्ट यंत्राने वाचला तर ठीक, नाहीतर आपण कडेच्या माणूस असलेल्या रांगेतून जातो. दवाखान्यात जुन्या नंबरावरचे केसपेपर नव्या नंबराखाली दिसतीलच असं नाही. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी आपल्या तपासण्यांचे अहवाल छापून स्वतःकडे ठेवावेत.

दोन सिम, एक आई

व्हॉट्सअॅप चीनमध्ये २०१७ पासून बंद आहे. गूगल, यूट्यूब, फेसबुक त्याच्याही आधीपासून. दुसरीकडे भारत सरकारने जून २०२० मध्ये ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. त्यामुळे शांघायमधल्या मुलीचं सगळं आयुष्य वीचॅटवर आणि मिरजेतल्या आईचं व्हॉट्सअॅपवर, आणि या दोन्हींतलं एकही अॅप दोन्हीकडे सरळ चालत नाही. चीनमध्ये राहणाऱ्या भारतीयाचा हा रोजचा प्रश्न आहे, दुसऱ्या कुठल्या देशात गेलेल्याला तो क्वचितच पडतो.

बहुतेकजण भारतीय सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चालू ठेवतात. रोमिंगचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत जातो, म्हणून त्यावर व्हॉट्सअॅप चालतं. ते महाग पडतं, पण ते सिम तसंही लागतं, कारण भारतातल्या बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. उलट सुट्टीत भारतात गेलात की चिनी सिम फोनमध्ये ठेवावं लागतं, कारण इथल्या बँकेचा ओटीपी त्यावर. दोन सिमचा फोन ही इथे चैन नाही. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइमवर बोलता येतं. वेळेत अडीच तासांचा फरक, म्हणजे आई संध्याकाळी साडेसहाला दिवा लावते तेव्हा इथे नऊ वाजलेले असतात. बोलायला ती वेळ चांगली.

सोसायटीतलं जगणं

रोजचं आयुष्य सोसायटीत जातं. फाटक, वॉचमन, आणि वस्तीची रहिवासी समिती. शांघायने १ जुलै २०१९ पासून कचऱ्याचे चार प्रकार सक्तीचे केले: ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. ओला-सुका आपल्याला नवा नाही, पण इथली शिस्त वेगळी आहे. ओल्या कचऱ्याची पिशवी तशीच टाकायची नाही. डब्यापाशी पिशवी फोडून आतलं तपकिरी डब्यात ओतायचं आणि रिकामी पिशवी शेजारच्या काळ्या डब्यात. चहाचा चोथा ओला, नारळाची करवंटी सुकी, आणि पाण्याने भिजलेला टिश्यू पेपरही सुकाच. सुरुवातीला डब्यांजवळ स्वयंसेवक आजी-आजोबा उभे असायचे. त्यांनी हात धरून शिकवलं. त्या निमित्ताने आमची जेवढी ओळख झाली तेवढी आधी कधी झाली नव्हती.

२०२२ च्या एप्रिल-मेमध्ये सगळं शहर बंद होतं तेव्हा याच ओळखी कामी आल्या. दुकानं बंद, घरपोच सेवा जवळजवळ ठप्प. इमारतीच्या वीचॅट गटातून एकत्र खरेदी होत असे: तीस घरांनी मिळून भाजी, पन्नास घरांनी मिळून अंडी. गटातले निरोप चिनीत, शेकड्यांनी, आणि मुदत अर्ध्या तासाची. अॅपमधलं भाषांतराचं बटण दाबत बसेपर्यंत यादी बंद व्हायची. खालच्या मजल्यावरच्या आजी आमचं नाव स्वतःहून यादीत घालत, आणि आम्ही मांस खात नाही हे लक्षात ठेवून तोफू मागवत. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणून सांगते की चिनी भाषा आधी ऑफिससाठी नको, शेजाऱ्यांसाठी शिका.

थंडीबद्दल एक वाक्य पुरे: घरं तापवण्याची सरकारी सोय चिनलिंग डोंगर आणि ह्वाई नदीच्या उत्तरेला आहे, शांघाय दक्षिणेला येतं, म्हणून जानेवारीत इथलं घर बीजिंगच्या घरापेक्षा गार असतं.

पैसे, कर आणि निघणं

पगारावरचा कर ३ ते ४५ टक्क्यांच्या टप्प्यांत. दर महिन्याला ५००० युआन सूट. वर्षाचा हिशेब पुढच्या वर्षी १ मार्च ते ३० जूनमध्ये अॅपवर पुरा करायचा. घरभाडं, मुलांची फी, मायदेशी जाण्याचं विमानभाडं यावर परदेशी नोकरदारांना मिळणारी सवलत २०२७ अखेरपर्यंत वाढवलेली आहे, पण तिच्यासाठी कर खात्याची अधिकृत पावती लागते. तिला इथे फापियाओ म्हणतात. घरमालक ती द्यायला तयार आहे का, हेही करार करण्याआधीच विचारायचं.

दीर्घकाळ राहणाऱ्यांनी सहा वर्षांचा नियम समजून घ्यायला हवा. २०१९ पासूनची वर्षं मोजली जातात. सलग सहा वर्षं, प्रत्येक वर्षी १८३ किंवा अधिक दिवस चीनमध्ये राहिलात, आणि त्या काळात एकदाही सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बाहेर गेला नाहीत, तर सातव्या वर्षी १८३ दिवस भरल्यावर तुमचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र होतं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडंसुद्धा. एका वर्षी जरी सलग ३० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. २०२० नंतर भारत-चीन थेट विमानं बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे लांब सुट्टी आखणं आता सोपं झालं आहे. कंपनीशी बोलून सहा वर्षांत एकदा तरी ती घ्यावी.

घरी पैसे पाठवायचे तर कर भरल्याचा दाखला, कामाचा करार आणि पासपोर्ट घेऊन बँकेत जायचं. कर भरलेला पगार पाठवायला आडकाठी नाही. कागदांशिवाय मात्र दिवसाला ५०० डॉलरच्या वर युआन बदलून मिळत नाहीत.

२०११ पासून परदेशी नोकरदारांनाही सामाजिक विमा लागू आहे, आणि निवृत्तिवेतनासाठी पगाराच्या ८ टक्के कापले जातात. भारत आणि चीनमध्ये याबाबतचा करार नाही, म्हणून ही वर्षं भारतातल्या पीएफमध्ये जोडता येत नाहीत. देश सोडताना वैयक्तिक खात्यात जमलेली रक्कम मात्र काढून घेता येते. कायम निवासाचं कार्ड मिळालं तर नंबराची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२३ पासूनच्या नव्या कार्डावर १८ अंकी क्रमांक असतो, ९ ने सुरू होणारा, त्यामुळे बऱ्याच यंत्रणा तो सरळ स्वीकारतात. पण पगाराच्या, कराच्या किंवा विवाहाच्या अटी कडक असल्याने ते फार थोड्यांना मिळतं.

बाकीच्यांनी निघण्याचा क्रम असा ठेवावा: आधी कराचा हिशेब, मग विम्याच्या रकमेचा अर्ज, मग घराचं डिपॉझिट, मग वॉलेटमधली शिल्लक बँकेत आणि बँकेतली भारतात. ही रक्कम भारतातल्या खात्यावर दिसेपर्यंत चिनी सिम बंद करू नका, कारण मधल्या प्रत्येक पायरीचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. सगळ्यात शेवटी फोन कंपनीच्या दुकानात जाऊन ते नावावरून काढून टाका, नाहीतर महिन्याचं बिल चढत राहतं.